दृश्य एकसष्टचा स्वेटर

७ फेब्रुवारी, शुक्रवार

सौ. बाईंना,

'सौ.' लिहिताना पेन जरा अडखळलं. पण ती उपाधी आता तुमची आहे. मी बारा वर्षं वापरली तरी कुठे विरलेली नाही, तेव्हा निर्धास्त वापरा.

फोनवर बोलू या, असा तुमचा निरोप मिळाला. नको. मी रोज संध्याकाळी सहाला फोन करीन आणि तो खारूनेच उचलायचा. तुमच्याशी बोलताना माझ्या तोंडून काय जाईल याचा मला भरवसा नाही. कागदावर निदान खोडता येतं. शूटिंगच्या कपड्यांच्या ट्रंका घेऊन आमची गाडी दर शुक्रवारी शहरात जाते आणि सोमवारी इकडे परत येते. ड्रायव्हरकाका खारूची पिशवी आणि माझं पत्र तुमच्या दारात देतील. उत्तर द्यायचं असेल तर त्यांच्याच हाती द्या. नाही दिलंत तरी मी वाट बघत बसणार नाही.

आता कामाचं. सहा आठवडे माझी मुलगी तुमच्या घरात आहे. तिचा बापही तिथेच आहे म्हणा, पण तो दिवसभर दुकानात लोकांना चष्मे विकतो आणि घरी आला की स्वतःचा शोधतो, म्हणून हे तुम्हाला लिहिते आहे. खारू हे तिचं लाडाचं नाव. खारीसारखी खिशात काय वाटेल ते साठवते. धुण्याआधी खिसे बघत जा. लाँड्रीत काम करणाऱ्या बाईला हे सांगायला नकोच. गणिताच्या परीक्षेदिवशी तिचं पोट दुखतं, ते खोटं असतं. ती गप्प बसली, की मात्र काहीतरी खरं असतं.

आणि एक. शाळेचं वर्ष संपेल तेव्हा तिला बारा पूर्ण होतील आणि पुढे कोणाकडे राहायचं हे तीच सांगेल, असं आमच्या घटस्फोटाच्या कागदात लिहिलं आहे. ते तुम्हाला माहीत आहे आणि मलाही. म्हणून या सहा आठवड्यांत उगाच लाड नकोत. माझं तिच्याशिवाय दुसरं काही उरलेलं नाही.

खारूची आई


१० फेब्रुवारी

ताई,

तुम्हाला काय म्हणायचं यात दोन कागद फुकट गेले. शेवटी 'ताई' लिहून टाकलं, वयानेही तुम्ही मोठ्या आहात.

खारू मजेत आहे. शाळा सुटली की घरी एकटी नको म्हणून मी तिला लाँड्रीत आणते. काउंटरमागच्या स्टुलावर बसून ती कपड्यांना नंबरांच्या चिठ्ठ्या टाचते. एकही चुकत नाही. लाड मी करत नाही, पण तिथे बसायला तिला आवडतं, त्याला माझा इलाज नाही. खिशात या आठवड्यात अकरा बटणं आणि एक किल्ली सापडली. किल्ली आमच्या मालकांची होती.

येणाऱ्याजाणाऱ्या गिऱ्हाइकाला ती सांगते, माझी आई सिनेमात आहे. हे म्हणाले, "सिनेमात कुठली, ती कपडे फाडते." खारू दोन तास ह्यांच्याशी बोलली नाही. खरंच कपडे फाडायचं काम असतं का हो? आमच्याकडे लोक याच्या उलट कामासाठी येतात.

तुमची
धाकटी


१४ फेब्रुवारी

बाई,

ताई म्हणू नका. बहिणी व्हायला आई एक लागते. आपला फक्त नवरा एक, आणि तोही पाळीपाळीने.

फाडत नाही, जुने करते. दुकानातून आलेला कोरा कपडा पडद्यावर नाटकी दिसतो, म्हणून तो माणसाने आठ-दहा वर्षं वापरल्यासारखा करावा लागतो. कोपरांना किसणी, कॉलरला घासकागद, पांढऱ्याला चहाचं पाणी. खिशात दगड भरून तीन दिवस टांगला की खिसा लोंबतो. चष्मेवाल्यांना सांगा की यालाही डोळे लागतात.

सिनेमा कशाचा आहे ते ऐकून तुम्हाला हसू येईल. घटस्फोटानंतर एक बाई आपलं आयुष्य नव्याने उभं करते, त्याची गोष्ट. बाई देवमाणूस आहे. दृश्य एकसष्टमध्ये ती आपल्या मुलीला नवऱ्याच्या नव्या बायकोच्या दारात सोडायला जाते आणि त्या नव्या बायकोकडे बघून प्रसन्न हसते. लेखक पुरुष आहे, हे वेगळं सांगायला नको. नायिकेने परवा मला बाजूला घेऊन विचारलं, "तुम्ही यातून गेलाय म्हणे. त्या वेळी खरंच काय वाटतं?" मी म्हटलं, काही नाही वाटत. तिला हसायचं होतं, उगाच तिचं काम का बिघडवा. जुनी म्हण आहे ना, नवरा मेला तरी चालेल पण सवत रंडकी झाली पाहिजे. मी तेवढी नाही, तुमच्या यजमानांना उदंड आयुष्य लाभो. पण ती म्हण रचणारीचं मन मला कळतं.

त्या दृश्यात नायिकेच्या अंगात जो राखाडी स्वेटर आहे ना, तो माझा. म्हणजे माझ्या अंगातला कपडेपटाच्या मुख्य बाईंना इतका आवडला की त्यांनी हुबेहूब चार विणून घेतले. एक नवा, एक थोडा वापरलेला, एक पार जीर्ण, आणि एक अडीअडचणीला. जीर्ण करायला मला सहा दिवस लागले. या कामावर मुख्य बाई खूश झाल्या तर पुढच्या सिनेमालाही मला घेणार आहेत, आणि तो शहरातच आहे. म्हणजे मला खारूला सोडून कुठे जावं लागणार नाही.

चिठ्ठ्या टाचायला लावता ते ठीक आहे. टाचणी टोचली तर मला कळवा.

खारूची आई


१७ फेब्रुवारी

बाई (तुम्हीही तसंच म्हणता म्हणून),

टाचणी नाही टोचली. केस मात्र कापले. डोळ्यांवर यायचे, तिनेच हट्ट धरला, खांद्याच्या वर घेतले. छान दिसते. तुमच्यासारखी दिसते, असं हे म्हणाले.

दुसरं सांगू की नको असं झालं होतं, पण लपवणं बरं नव्हे. शनिवारी दुपारी काउंटरवर डोकं टेकून तिला डुलकी लागली. उठवलं तेव्हा झोपेतच म्हणाली, "आई, पाच मिनिटं." मी उठवायची थांबले. पाचाची वीस मिनिटं झाली. तुम्हाला वाईट वाटावं म्हणून हे लिहिलेलं नाही.

धाकटी


२१ फेब्रुवारी

बाई,

केस कापायला मला विचारायला हवं होतं. झोपेत माणूस काहीही बरळतो. तिचे बाबा झोपेत गिऱ्हाइकाला नंबर विचारतात, ते तुम्ही आता रोज ऐकत असाल.

पिशवीत तिचे मोजे, नवी वही आणि बाकीचं आहे. आज घाईत आहे.

खारूची आई


२४ फेब्रुवारी

बाई,

पिशवीत तुमचा स्वेटर आला होता. खारूच्या मोज्यांवर, सगळ्यात वर. बघून जीव कळवळला. दोन्ही कोपरं गेलेली, खिसे लोंबलेले, गळ्याशी चहाचे डाग. इतक्या थंडीत तुम्ही हे घालून काम करता, आणि आम्ही इथे हीटरसमोर.

तुमची मेहनत मला माहीत आहे, माझ्याकडून एवढं तरी. रविवारी दुकान बंद असताना खास धुतला. डाग एकूण एक काढले. कोपरं रफू केली, कुठे होती ते शोधून दाखवा. खिसे वाफ देऊन बसवले, बटणं पक्की केली. आमचे मालक म्हणाले, असं काम तुझ्या हातून कधी झालं नाही. काकांच्या हाती पाठवते आहे. अंगात घाला आणि माझी आठवण काढा.

धाकटी


२५ फेब्रुवारी, मंगळवार

गाडी शुक्रवारी निघेल. तोवर राग निवू नये म्हणून आजच लिहून ठेवते.

आठवण काढली. सगळ्या युनिटने काढली. तो स्वेटर माझा नव्हता. तो दृश्य एकसष्टचा होता, आणि ते दृश्य गुरुवारी अर्धं शूट झालं होतं. उरलेलं आज होतं. अर्ध्या दृश्यात बाई फाटक्या कोपरांनी दार वाजवते आणि उरलेल्या अर्ध्यात लाँड्रीची जाहिरात होऊन आत जाते, असं चालत नाही. काल दुपारपासून चौथा स्वेटर घेऊन बसले. किसणीने बोटं सोलली. सहा दिवसांचं काम एका दिवसात होत नाही. फोटो जुळवून बघणाऱ्या मुलीने कॅमेरा लागायच्या आधीच सांगितलं, कोपर तो नाही. अख्खं दृश्य उद्या पहिल्यापासून घेणार. मुख्य बाई शंभर माणसांसमोर म्हणाल्या, "ज्याला आपला कपडा सांभाळता येत नाही, त्याने धुणी धुवावीत." यावरून तुमची आठवण आली.

घाईत पिशवी भरताना तो माझ्या हातून गेला, हा माझा दोष. पण शुक्रवारी संध्याकाळी सहाच्या फोनवर मी खारूला बजावून सांगितलं होतं, तो सिनेमाचा आहे, हात लावू नका, सोमवारी तसाच पाठवा. कॉलरच्या आत कापडाचा तुकडा शिवला होता, त्यावर '६१' आणि '३' लिहिलं होतं. दिवसभर कपड्यांवरच्या चिठ्ठ्या वाचणाऱ्या बाईला तो दिसला नाही?

पुढच्या सिनेमाचं आता कोण विचारतंय. काम गेलं तर मी पुन्हा दारोदार, आणि मुलीने आईकडे का यावं? हे तुम्हाला चांगलंच कळत होतं. आपलं नाक कापून दुसऱ्याला अपशकुन करणारे मी पाहिले होते. तुम्ही तर नाकही माझंच कापलंत.


३ मार्च

बाई,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. मी मुद्दाम का करीन? तो तुकडा मी पाहिला. मला वाटलं दुसऱ्या कुठल्या लाँड्रीचा नंबर राहिलाय. आमच्याकडे असे दहा येतात, मी उसवून टाकते.

खारूने मला निरोप दिलाच नाही. खेळण्याच्या नादात विसरली असेल, लहान आहे. तिला रागावू नका.

धाकटी


७ मार्च

बाई,

रागावले. सोमवारी तुमचं पत्र हातात पडलं आणि सहाच्या फोनवर मी तिला नको नको ते बोलले. तुझ्यामुळे माझं काम गेलं, असंही म्हणाले. तिने "नाही" म्हटलं नाही, "विसरले" म्हटलं नाही. रिसीव्हर बाजूला ठेवल्याचा आवाज आला. तेव्हापासून रोज सहाला फोन वाजतो आणि तुमचे यजमान उचलून सांगतात की ती अभ्यास करते आहे. खारू आणि अभ्यास.

काम गेलं नाही अजून. माझ्या हाताखाली जी मुलगी होती, तिच्या हाताखाली मला ठेवलंय. किसणी मागायची तर तिला विचारावं लागतं.

ती जेवते का, एवढं कळवा.

खारूची आई


१० मार्च

ताई,

आज ताई म्हणते, रागवा हवं तर.

जेवत नाही. गेला अख्खा आठवडा शाळेतून येते, स्टुलावर बसते आणि चिठ्ठ्या टाचते. एक शब्द नाही. तुम्हीच लिहिलं होतंत की ती गप्प बसली की काहीतरी खरं असतं. खरं आहे ते असं, की तिने मला निरोप सांगितला होता. त्या शुक्रवारी फोन ठेवल्या ठेवल्या धावत आली, "तो सिनेमाचा आहे, आईने केलाय, हात नाही लावायचा." तिने तो स्वतः खुर्चीच्या पाठीवर नीट पसरून ठेवला. आणि तुम्ही ओरडलात तरी तिने माझं नाव सांगितलं नाही. का नाही सांगितलं, ते मला विचारायचं धाडस होत नाही.

दुसऱ्या दिवशी, त्याच शनिवारी, हे दुकानातून आले. स्वेटर दिसला आणि दारातच थांबले. "हा इथे कसा," असं स्वतःशीच म्हणाले. मग तो उचलला आणि उजव्या खिशात हात घातला. चष्मा पुसायचा कपडा ते तुमच्या खिशात ठेवायचे म्हणे, हे मला तेव्हा कळलं. खिशात काही नव्हतं. तरी हात तिथेच. मी समोर उभी होते, हातात पाण्याचा पेला घेऊन, त्यांच्यासाठीच आणलेला. तो त्यांना दिसला नाही.

आमच्या लग्नाला दोन वर्षं झाली. माझ्या कुठल्या कपड्याकडे त्यांनी असं पाहिलेलं नाही. मी नेसलेलं-घातलेलं त्यांच्या लक्षातही येत नाही. मला त्या लोकरीचा असा राग आला की रविवारी दुकान उघडून मी तो धुवायला घेतला. माणूस लोकर कोमट पाण्यात हळुवार धुतो, मी ब्रशने घासला. तुम्ही केलेलं सगळं काढून टाकलं. रफू करताना तर मला आनंद होत होता. तुकडा मी वाचला होता आणि वाचून उसवला.

काल खारूला हे सगळं सांगितलं. तिने माझ्याकडे पाहिलं आणि दप्तर उचलून आतल्या खोलीत गेली. आज लाँड्रीत आली नाही. आता ती माझी होणार नाही, हे मला कळलं आहे. माझंही तिच्याशिवाय त्या घरात फारसं कोणी नाही हो.

मुख्य बाईंना माझं नाव सांगा. हवं तर मी येऊन त्यांच्यासमोर सांगते.

धाकटी


२ एप्रिल

तुम्हाला,

काय म्हणायचं ते माझंही अजून ठरत नाही, म्हणून एवढंच.

शूटिंग संपवून मी परत आले आणि खारू माझ्याकडे आली, त्याला बारा दिवस झाले. तुमचं पत्र मला तिथेच मिळालं होतं. उत्तर मुद्दाम दिलं नाही. पहिल्याच जेवणाला तिने जाहीर केलं, "मी इथेच राहणार, तिच्याकडे परत कधी जाणार नाही." खोटं कशाला बोलू, मला जिंकल्यासारखं वाटलं. मी तिला आणखी बोलतं केलं. अजून काय काय करायची ती, असं विचारत गेले, आणि ती सांगत गेली. खरं, खोटं, चढवून, वाढवून. तुमच्या चालण्याची नक्कलसुद्धा केली. आठ दिवस मी पोटभर ऐकलं.

मग ऐकवेना. तुम्ही तुमच्या पत्रात एक गोष्ट मनापासून धरून चालला आहात, की स्वेटर माझ्याकडून चुकून आला. तो चुकून आला नाही. खारू झोपेत तुम्हाला आई म्हणाली ते वाचलं आणि माझ्या अंगाची लाही झाली. तुमच्या दारात येऊन भांडायची सोय नव्हती. म्हणून तुमच्या यजमानांना ओळखू येईल असं जे माझ्याजवळ होतं, ते घडी करून मोज्यांवर ठेवलं; माझा स्वतःचा स्वेटर पाठवला असता तर 'चुकून' म्हणता आलं नसतं. त्यांनी बघावं, त्यांच्या काळजात चर्र व्हावं, आणि ते होताना तुम्ही समोर असावं. मंगळवारी शूटिंग आहे हे मला माहीत होतं. सोमवारी परत येतोय, कोणाला कळणार, असं वाटलं. संध्याकाळच्या फोनवर खारूला 'चुकून' म्हणाले, ते तुमच्या कानावर जावं म्हणूनच. तुम्ही लिहिलेली ती खिशात हात घातल्याची ओळ मी किती वेळा वाचली ते विचारू नका. काम हातचं जात होतं, मुलगी बोलत नव्हती, आणि तरी ती ओळ वाचताना मला बरं वाटत होतं.

रविवारी सकाळी खारूला हे सांगितलं. ती दारात बसून बुटांच्या नाड्या बांधत होती. मी बोलत होते तोवर थांबली नाही. दोन्ही बांधून झाल्यावर म्हणाली, "म्हणजे तू तो बाबांसाठी पाठवलास, तिने तो बाबांमुळे धुतला, आणि ओरडा मला बसला."

मी हो म्हणाले. दुसरं काय म्हणणार.

"तिचं नाव मी सांगितलं नाही, कारण तू तिला आणखी वाईट म्हटलं असतंस," ती म्हणाली. "आणि तू तो मुद्दाम पाठवलास हे तर मला माहीतच नव्हतं, नाहीतर तुझंही नाव तिला सांगितलं नसतं." मग उठून उभी राहिली. "तुम्हा दोघींना मी हवी आहे की बाबा, ते आधी ठरवा. मग मी माझं ठरवते."

तेव्हापासून माझ्याशी जेवढ्यास तेवढं बोलते. शाळेचं वर्ष संपायला तीन आठवडे आहेत. कोणाकडे राहणार, हे आता ती कोणालाच सांगत नाही.

माझं उत्तर मी तिला काल दिलं. समोर बसून, तोंडी. तिला ते खरं वाटलं की नाही, तिच्या चेहऱ्यावरून कळलं नाही. तुमचं उत्तर मला लिहू नका. तिला लिहा. पाकिटावर तिचं नाव घाला. आत काय आहे हे कळून घ्यावंसं मला फार वाटेल, पण मी ते फोडणार नाही.

खारूची आई